'इम्पेडिमेंटा' : अडथळा की सामान?

अर्धविराम

गेल्या आठवड्यात माझी चांगलीच फजिती झाली. तिच्यातूनच हा धागा निघतोय.

रोमन इतिहासावरच्या एका इंग्रजी पुस्तकातली दोन प्रकरणं मराठीत करून द्यायची होती. त्यात एक वाक्य होतं, की सेनापतीने आपला 'इम्पेडिमेंटा' मागे ठेवला आणि रातोरात नदी गाठली. इम्पेडिमेंट म्हणजे अडथळा हे शाळेपासून घोकलेलं. मी बेधडक लिहून मोकळा झालो, "सगळे अडथळे मागे टाकून सेनापतीने रातोरात नदी गाठली." वाचायला काय झोकदार! तीनदा तपासलं, तिन्ही वेळा आवडलं.

संपादकबाईंनी त्याखाली लाल रेघ मारून एवढंच विचारलं, "मग अडथळ्यांवर पहारा कशाला बसवला?" कारण पुढच्याच वाक्यात त्या इम्पेडिमेंटाच्या राखणीला दोन तुकड्या ठेवल्याचं होतं, आणि तेही मी इमानेइतबारे मराठीत आणलं होतं.

मग शोधाशोध केली. लॅटिनमध्ये पाऊल म्हणजे 'पेस', त्याचं षष्ठीचं रूप 'पेदिस'. त्यावरून क्रियापद 'इम्पेदीरे', म्हणजे पाय अडकवणं, पायात काहीतरी घालून चालता येऊ न देणं. त्याचं नाम 'इम्पेदिमेंतुम', अडथळा. इथवर शाळेतलंच. गंमत अनेकवचनात आहे. 'इम्पेदिमेंता' म्हटलं की रोमन माणसाच्या डोळ्यांपुढे सैन्याचं जड सामान यायचं: तंबू, दळायची जाती, यंत्रं, गाड्या आणि ते वाहणारी खेचरंसुद्धा. सैन्याला चालताना सगळ्यात जास्त कोण अडवतं? त्याचं स्वतःचंच सामान. इंग्रजीने हे अनेकवचन जसंच्या तसं उचललं आणि आजही इंग्रजी लेखक प्रवासाच्या पेट्या-गाठोड्यांना थोड्या थट्टेने हाच शब्द वापरतात.

प्रश्न दोन. एक, शब्दाच्या या कुळाबद्दल कुणाला आणखी काही माहीत आहे का? दोन, त्या वाक्यात मराठी शब्द कोणता घालू? बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे.

उंबरठा

पहिला प्रश्न सोपा आहे. 'पेद' म्हणजे आपला 'पद'. शब्द संस्कृतातून लॅटिनमध्ये गेला, तिथून इंग्रजीत. संस्कृत ही सगळ्या भाषांची जननी हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. बाकी चालू द्या.

काना_मात्रा

आली जननी. प्रत्येक शब्दाच्या धाग्यावर तिसऱ्या प्रतिसादापर्यंत तरी थांबते, यावेळी पहिल्यालाच.

उंबरठा, 'पद' आणि 'पेद' नात्यातले आहेत यात वाद नाही. पण आई-मुलगी नव्हेत, चुलत बहिणी आहेत. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य सांगितलं, तेव्हाच त्यांनी म्हटलं होतं की या तिघी एखाद्या समान मूळ भाषेतून आल्या असाव्यात आणि ती भाषा बहुधा आता उरलेली नसावी. त्या आजीच्या बोलीत पावलाला जो शब्द होता त्याचा संस्कृतात 'पद्' झाला, लॅटिनमध्ये 'पेद्', ग्रीकमध्ये 'पोद्'. ऑक्टोपस म्हणजे आठ पायांचा, त्यातला 'पस' हाच.

आता इंग्रजी 'फूट' घ्या. हा लॅटिनकडून उसना घेतलेला नाही, इंग्रजीच्या घरचाच आहे, आणि तरीही याच घराण्यातला आहे. इंग्रजी ज्यात येते त्या जर्मानिक शाखेत मूळ 'प'चा 'फ' झाला आणि 'द'चा 'ट'. पितृ–फादर, दश–टेन, द्वि–टू, आणि तसंच पद–फूट. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी हे नियम १८२२ मध्ये नीट मांडले. म्हणजे इंग्रजीत एकाच पावलाचे दोन वंशज नांदतात: 'फूट' घरचा आणि 'पेडल', 'पेडेस्ट्रियन', 'इम्पीड' ही लॅटिनकडून आलेली पाहुणे मंडळी. संस्कृतातून गेला असता तर 'फ' कुठून आला असता?

उंबरठा

बरं, चुलत बहीण. पण थोरली असेल.

काना_मात्रा

थोरलेपणाचा वाद दुसऱ्या धाग्यावर घालू. तिथे तुम्हाला पानभर जागा.

घडीव

'इम्पेदीरे'चं उलट 'एक्स्पेदीरे', म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणं. त्यावरून 'एक्स्पिडाइट', काम झटपट मार्गी लावणं. त्यावरूनच 'एक्स्पिडिशन', मोहीम. पाय सुटला की माणूस निघालाच! ज्या सैनिकांकडे ओझं नाही, नुसती हत्यारं आहेत, त्यांना रोमन लोक 'एक्स्पेदिती' म्हणत. आपल्या भाषेत सडे. 'सडी फौज', 'सडा स्वार' यातला सडा.

अर्धविराम, तुमच्या वाक्यातला सेनापती इम्पेडिमेंटा ठेवून निघाला म्हणजे सडा होऊन निघाला. पुस्तकात त्याच परिच्छेदात 'एक्स्पेदिती' असेल, बघा जरा.

अर्धविराम

आहे! आणि मी त्याचं 'तत्पर सैनिक' केलंय. आता तेही बदलावं लागणार. धन्यवाद म्हणू की काय म्हणू कळत नाही.

तळटीप

सामान म्हणजे अडथळा हे रोमनांना किती पटलेलं होतं याचा उत्तम दाखला सीझरच्या गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) लढायांच्या टिपणांत, दुसऱ्या भागात आहे. इसवी सनपूर्व ५७. नेर्वी नावाच्या टोळीवर सीझर चालून जातोय. एरवी त्याच्या सैन्याची रांग कशी असायची? एक लीजन (रोमन सैन्याची मोठी पलटण), मग तिचं सामान, मग दुसरी लीजन, तिचं सामान, अशी. सीझरच्या रांगेतून चालणाऱ्या काही लोकांनी रात्री पळून जाऊन नेर्वींना हे सांगितलं. सल्ला असा दिला, की पहिली लीजन मुक्कामाला पोचली की पाठीवरचं ओझं उतरायच्या आत तिच्यावर तुटून पडा. मधे एवढं सामान असेल की मागच्यांना वेळेत येता येणार नाही.

मसलत पक्की होती. फक्त शत्रू जवळ आला म्हणून सीझरने नेहमीप्रमाणे रांग बदलली. सहा सड्या लीजन पुढे, त्यांच्या मागे सगळ्या सैन्याचं सामान एकत्र, आणि शेवटी नव्या भरतीच्या दोन लीजन, सामानाच्या पहाऱ्याला. (अर्धविराम, तुमच्या दोन तुकड्या याच तर नव्हेत?)

नेर्वी सॅबिस नदीपलीकडच्या झाडीत दबा धरून बसले होते. हल्ल्याची खूण काय ठरली होती माहीत आहे? सामान दिसणं. पहिली गाडी नजरेस पडली की निघायचं. त्यांच्या हिशेबाने तोवर एकच लीजन पोचलेली असायला हवी होती. प्रत्यक्षात सहा पोचून छावणीचे खंदक खणत होत्या. तरीही हल्ला इतक्या वेगाने आला की रोमनांना शिरस्त्राण चढवायला, ढालींवरची आवरणं काढायला वेळ मिळाला नाही. खुद्द सीझरने मागच्या रांगेतल्या एका शिपायाची ढाल हिसकावून घेतली आणि पुढे घुसला. पुढे दहावी लीजन परत फिरली आणि सामानामागच्या दोन लीजन धावत आल्या, तेव्हा कुठे पारडं फिरलं.

एक बारीक फरक नोंदवून ठेवतो. शिपायाच्या पाठीवरच्या ओझ्याला 'सार्सिना' म्हणत. इम्पेदिमेंता म्हणजे जनावरांवर आणि गाड्यांवर लादलेलं. मारियस या रोमन सेनापतीने सामानाचा तांडा कमी व्हावा म्हणून शिपायांच्याच पाठीवर जास्त लादलं, तेव्हापासून त्या शिपायांना 'मारियसची खेचरं' असं नाव पडलं. थोडक्यात इम्पेदिमेंताची सार्सिना झाली, वजन तेवढंच राहिलं.

पाणपोई

काय सुंदर प्रतिसाद! वाचनखूण साठवली आहे.

काडेपेटी

मी वीजवाला. आमच्याकडे 'इम्पीडन्स' आहे, तोही याच घरातला का?

अर्धविराम

हो. शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज विद्युत्-शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये घडवला. आतलं तुम्हीच सांगा, मला ओहमच्या पुढे कळत नाही.

काडेपेटी

ओहमच्या पुढे फार जायला नकोच, मोजतात ओहममध्येच. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला तारेचा रोध तेवढा अडवतो. प्रवाह सतत उलटसुलट होत असेल तर तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर हेही आपापल्या परीने अडवतात, आणि ते किती अडवतील हे प्रवाह सेकंदाला किती वेळा उलटतो त्यावर ठरतं. या सगळ्या अडवणुकीची मिळून गोळाबेरीज म्हणजे इम्पीडन्स. बेरीज सरळ होत नाही, पण ते राहू दे. स्पीकरच्या मागे ४ ओहम, ८ ओहम लिहिलेलं असतं ते हेच.

आणि इम्पीडन्सच्या व्यस्ताला आम्ही 'अ‍ॅडमिटन्स' म्हणतो. एक पाय बांधतो, दुसरा आत घेतो.

पाणपोई

अरे! शेक्सपिअरच्या ११६व्या सुनीताची सुरुवातच 'अ‍ॅडमिट' आणि 'इम्पेडिमेंट्स' या दोन शब्दांना जवळ आणते. दोन खऱ्या मनांच्या मिलनात मी कुठलीही हरकत मानणार नाही, अशा अर्थाचं. १६०९ साली छापलेलं. वीजवाले येण्याआधी पावणेतीनशे वर्षं.

त्या ओळीतही शब्द नुसता 'अडथळा' या अर्थाने आलेला नाही. इंग्लंडच्या चर्चच्या विवाहविधीत विचारतात, की या लग्नाला कुणाकडे काही रास्त 'इम्पेडिमेंट' असेल तर आताच सांगा. म्हणजे कायद्याने लग्न होऊच शकत नाही असं कारण: आधीचं लग्न, जवळचं रक्ताचं नातं वगैरे. कवीने तो विधीतला शब्द उचलून कवितेत ठेवला. मराठीत तिथे 'अडथळा' चालणार नाही, 'हरकत' किंवा 'बाध' हवा.

घडीव

बोलताना अडखळणाऱ्यालाही इंग्रजीत 'स्पीच इम्पेडिमेंट' आहे असं म्हणतात. १६११च्या बायबलच्या भाषांतरात एका बहिऱ्या माणसाच्या वाचेत 'इम्पेडिमेंट' असल्याचं लिहिलंय. पाय जिभेपर्यंत पोचला.

रविवारवाचक

मग पेडिअ‍ॅट्रिशियन पण पायांचा डॉक्टर व्हायला पाहिजे 😄

काना_मात्रा

तो वेगळा. तिथला 'पेड' ग्रीक 'पाइस' म्हणजे मूल यावरून आला. पायांच्या डॉक्टरला पोडिअ‍ॅट्रिस्ट म्हणतात. इंग्रजीने दोघांची स्पेलिंगं अशी जवळ आणून ठेवली की कुणीही फसावं.

रविवारवाचक

मी विनोद केला होता हो.

सांदीकोपरा

उशिरा आले, पण इतक्या प्रतिसादांत हे कुणालाच कसं सुचलं नाही? 'इम्पेडिमेंट'ला अगदी शब्दाला शब्द लावून मराठी प्रतिशब्द आपल्याकडे आहे आणि रोज वर्तमानपत्रात छापून येतो. पायबंद! "गैरप्रकारांना पायबंद घाला", "दरवाढीला पायबंद". पायबंद म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधायची दोरी. शब्द फारसी. फारसीतला 'पाय' हा पुन्हा त्याच आजीचा, आणि 'बंद' म्हणजे आपला बंध, इंग्रजीतला 'बाइंड'. तिन्ही भाषांनी एकच प्रतिमा उचलली: थांबवायचं असेल तर पाय बांध.

दुसरा, 'खोडा घालणे'. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचा भोकं पाडलेला जाड ओंडका. आज कुणी कुणाच्या कामात खोडा घालतो तेव्हा ओंडका कुणाला दिसत नाही, पण शब्दात तो अजून तसाच पडून आहे.

तिसरा, 'लोढणं'. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेलं लाकूड, पळायला गेलं की पायात येतं. आणि इथे इंग्रजीची मजा बघा. त्यांचा 'क्लॉग' आधी नेमका हाच होता, जनावराला पळता येऊ नये म्हणून बांधलेला लाकडाचा ठोकळा. मग लाकडी तळाच्या जोड्याला क्लॉग म्हणू लागले, आणि आज नळ तुंबला तरी क्लॉग. आपलं लोढणं नळात शिरलं नाही एवढंच.

काना_मात्रा

वा! 'पायबंद' डोळ्यांसमोर असून दिसला नाही, हे मान्य.

त्यात माझी एक भर. संस्कृतात 'निगड' म्हणजे पायातली बेडी, विशेषतः हत्तीची साखळी. 'निगडित' म्हणजे बेडी घातलेला. आपण रोज लिहितो, "हा प्रश्न त्या प्रश्नाशी निगडित आहे." म्हणजे दोघांच्या पायांत एकच साखळी.

रविवारवाचक

'निगडित'चं हे माहीत नव्हतं. आता कार्यालयीन पत्र लिहिताना साखळीचा आवाज येणार.

आणि प्यून?

सांदीकोपरा

प्यूनही पायवालाच. पोर्तुगीजातून आला, अर्थ पायी चालणारा, पायदळातला शिपाई. बुद्धिबळातलं प्यादं फारसीतून आलं, अर्थ तोच. इंग्रजी 'पॉन' लॅटिनमधून, तोही तोच. 'पायोनियर' हा शब्दही मुळात सैन्याच्या पुढे जाऊन रस्ते करणाऱ्या, खंदक खणणाऱ्या पायदळवाल्याचा. म्हणजे एका पायाची संतती सैन्याचा रस्ता मोकळा करायला पुढे गेली आणि दुसरी खेचरांवर बसून मागून अडवत राहिली.

तळटीप

'इम्पीच' राहिला. महाभियोग! लॅटिनमध्ये 'पेदिका' म्हणजे पायाचा फास किंवा बेडी, त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'इम्पेदिकारे', मग जुनी फ्रेंच, मग इंग्रजी. आधी इंग्रजीतही 'इम्पीच' म्हणजे फक्त अडवणं होतं, आरोप ठेवण्याचा अर्थ पुढे चिकटला. फ्रेंचमध्ये आजही 'आंपेशे' म्हणजे नुसतं अडवणं. राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने त्याच्या पायात खोडा घातला जातो.

उंबरठा

मी एक सांगू का? 'सॅबोटाज'. कामगारांनी आपले लाकडी जोडे, म्हणजे साबो, यंत्रांत फेकले आणि यंत्रं बंद पाडली, त्यावरून घातपाताला सॅबोटाज म्हणू लागले. हाही पायाचाच अडथळा झाला की!

काना_मात्रा

गोष्ट फक्कड आहे, पण पुराव्यात बसत नाही. शब्द 'साबो'वरून आला हे बरोबर. फ्रेंचमध्ये 'साबोते' म्हणजे जोडे खडखडवत चालणं, आणि त्यावरून काम धसमुसळेपणाने करणं, बिघडवून ठेवणं. यंत्रांत जोडे फेकल्याची कथा मागाहून रचलेली. (यावेळी जननी नाही, ही प्रगती आहे.)

उंबरठा

🙏

घडीव

इंग्रजीत अडथळ्याला इतके शब्द आहेत, पण प्रत्येकात वेगळी वस्तू दडलीय. 'ऑब्स्टॅकल' म्हणजे समोर उभं राहिलेलं, लॅटिन 'स्तारे', आपला 'स्था'. गंमत म्हणजे प्रसूतिशास्त्राचा 'ऑब्स्टेट्रिक्स' हाही त्याच घडणीचा. सुईण बाळंतिणीसमोर उभी राहते म्हणून. समोर उभं राहणारा प्रत्येकजण वाट अडवायलाच आलेला असतो असं नाही.

'बॅरिअर'मध्ये 'बार' आहे, म्हणजे आडवा दांडा. आपला 'अडसर' तंतोतंत हाच, दाराला आतून लावायचं आडवं लाकूड. आणि 'हर्डल' म्हणजे मुळात काटक्या विणून केलेली ताटी, मेंढ्यांना कोंडायला वापरायची. आज ११० मीटरच्या शर्यतीत पुरुष धावपटू १०६.७ सेंटिमीटर उंचीचे दहा हर्डल ओलांडतात, ते मेंढवाड्याच्या ताट्यांवरून उड्या मारतात म्हणायचं.

एक माझा आवडता: 'स्क्रूपल'. मनाला टोचणारी नैतिक शंका. लॅटिन 'स्क्रूपुलुस' म्हणजे टोकदार बारीक खडा. चपलेत गेलेला खडा दिसत नाही, पण चालू देत नाही.

पाणपोई

हे सगळं छान चाललंय, पण मूळ धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न? आज गुरुवार आहे. मराठी शब्द कोणता?

माझं मत 'बाडबिस्तरा'.

तळटीप

'बुणगे' का नको? सैन्यामागून चालणारा सगळा लडबडाट. 'बाजारबुणगे' तर सगळ्यांनाच माहीत.

काना_मात्रा

बुणग्यांत माणसं येतात. रोमनांकडे त्या माणसांना वेगळी नावं होती, नोकरांना 'कालोनेस' आणि छावणीमागून येणाऱ्या विक्रेत्यांना 'लिक्से'. इम्पेदिमेंता म्हणजे वस्तू आणि जनावरं. शिवाय 'बुणगे'त तुच्छता आहे. सीझरला स्वतःच्या तंबूंबद्दल तुच्छता नसावी.

रविवारवाचक

लटांबर!

सांदीकोपरा

'लटांबर' गोड आहे, पण सेनापतीच्या तोंडी नको, सासुरवाडीला निघालेल्या माणसाच्या तोंडी शोभेल.

मी 'अडगळ' सुचवणार होते. इम्पेदिमेंतासारखीच उडी त्यात आहे, स्वतःचंच सामान आणि स्वतःच्याच वाटेत. पण अडगळ माणूस विसरून जातो, तिच्यावर पहारा बसवत नाही. तुमच्या बाई पुन्हा लाल पेन काढतील.

पाणपोई

पहाऱ्यावरून आठवलं. फ्रान्सिस बेकन या जुन्या इंग्रज निबंधकारानेही संपत्तीवर लिहिताना हाच शब्द पुढे केला होता. त्याच्या मते संपत्ती म्हणजे सद्गुणाचं सामान, पण त्यासाठी रोमनांचा 'इम्पेदिमेंता' जास्त चांगला. टाकून देता येत नाही, मागे ठेवता येत नाही, चाल मात्र मंदावते, आणि कधी कधी तिची काळजी घेता घेता लढाईच हातची जाते. दुसऱ्या एका निबंधात त्याने बायकामुलांनाही मोठ्या कामातले इम्पेडिमेंट म्हटलंय. ते वाचून त्याच्या घरी काय झालं असेल ते असो.

तरी मी बाडबिस्तऱ्यावर ठाम.

घडीव

+१, बाडबिस्तरा.

काडेपेटी

+१. वीजवाल्यालाही कळतो.

अर्धविराम

मंडळी, आज पाठवून दिलं. "बाडबिस्तरा मागे ठेवून सेनापती सडा निघाला आणि रातोरात त्याने नदी गाठली." 'सडा' बाईंना फार आवडला, शेजारी बरोबरची खूण आहे. 'बाडबिस्तरा'खाली पुन्हा लाल रेघ. बाजूला दोनच शब्द: "आणि खेचरं?"